हिरोशिमा कार्प: पिंपात पैसे टाकून गावाने जगवलेला बेसबॉल संघ

लाल_टोपी (धागाकर्ता)

जपानी बेसबॉलचा विषय निघाला की बोलणं तोक्योच्या योमिउरी जायंट्सपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. हा धागा हिरोशिमा कार्पसाठी आहे. विजेतेपदांची यादी कुठेही मिळते. इथे मुख्यतः एकच गोष्ट तपासायची आहे: मागे कुणी धनाढ्य कंपनी नसताना हा संघ टिकला कसा, आणि त्यात प्रेक्षकांचा वाटा नेमका किती?

आधी पार्श्वभूमी. १९४९ च्या अखेरीला जपानची एकच व्यावसायिक लीग फुटून दोन झाल्या, सेंट्रल आणि पॅसिफिक. नव्या संघांना जागा झाली. त्या काळी, आणि बहुतांशी आजही, जपानी संघाच्या नावात मालक कंपनीचं नाव असतं. योमिउरी आणि चुनिची ही वर्तमानपत्रं, हानशिन ही रेल्वे, ताइयो ही मासेमारी कंपनी, शोचिकू ही चित्रपट कंपनी. संघ तोट्यात गेला तर जाहिरातखर्च समजून कंपनी तो सोसते. हिरोशिमाच्या मागे अशी कंपनीच नव्हती. अणुबॉम्ब पडून चार वर्षं झाली होती. प्रीफेक्चर (जपानमधला प्रांत) आणि आसपासची शहरं मिळून भागभांडवल उभं करतील असं ठरलं आणि १९५० च्या हंगामात संघ सेंट्रल लीगमध्ये उतरला.

'कार्प' म्हणजे कोइ मासा. हिरोशिमाच्या किल्ल्याला 'रिजो', म्हणजे कोइ माशाचा किल्ला, असंही म्हणतात. त्यावरून हे नाव आलं. सुरुवातीला अनेकवचनी 'कार्प्स' ठरलं होतं, पण इंग्रजीत या शब्दाचं अनेकवचन बदलत नाही हे लक्षात आल्यावर शेवटचा 'स' काढून टाकला.

पहिल्या हंगामात ४१ विजय, ९६ पराभव, १ बरोबरी. आठ संघांत आठवे. ठरलेलं भांडवल वेळेवर येत नव्हतं, त्यामुळे खेळाडूंचे पगार थकले. मैदानावर प्रकाशझोत नव्हते, म्हणून सामने दिवसा. दिवसा कारखान्यात, गोदीत, दुकानात काम करणारा माणूस येणार कसा? गल्ला कमी, म्हणून पगार नाहीत. पगार नाहीत, म्हणून चांगला खेळाडू येत नाही. आणि संघ हरतो म्हणून गल्ला आणखी कमी.

मार्च १९५१ मध्ये संघ ताइयोमध्ये विलीन करायचा की मोडायचा, इथवर गोष्ट आली. प्रशिक्षक इशिमोतो शुइची हे मूळचे हिरोशिमाचे. त्यांनी तिसरा मार्ग काढला: गावाकडे मागायचं. कारखाने, कचेऱ्या आणि मोहल्ले यांतून समर्थक मंडळाच्या शाखा उघडल्या. इशिमोतो स्वतः गावोगाव जाऊन संघाचा हिशेब लोकांपुढे ठेवत. मैदानाच्या दाराशी साकेचं मोठं लाकडी पिंप ठेवलं जाई आणि येणारा-जाणारा त्यात नाणी-नोटा टाकी. यालाच 'तारु-बोकिन' म्हणतात. तारु म्हणजे पिंप, बोकिन म्हणजे वर्गणी.

इतर मंडळींनी भर घालावी. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

---

तळटीप

धागा आवडला. एक शंका. १९५२ मध्ये 'तीस टक्क्यांखाली जाणारा संघ बाद' असा नियम आला होता ना? सरळ 'शेवटचा संघ बाद' का नाही म्हटलं? आणि बरोबरीत सुटलेले सामने कसे धरायचे?

---

दशांश

@तळटीप, बरोबरीचे सामने भागाकारातून वगळतात. विजय भागिले (विजय + पराभव), एवढंच सूत्र. एकूण सामन्यांनी भागाल तर आकडा चुकेल. जुने तक्ते वाचताना ही चूक हमखास होते.

नियमाचं मूळ वेळापत्रकात आहे. १९५१ आणि ५२ मध्ये सेंट्रल लीगमध्ये सात संघ होते. संघ विषम असले की दर फेरीला एक संघ रिकामा बसतो आणि त्याच्या मैदानाचा त्या दिवसाचा गल्ला बुडतो. लीगला सहा संघ हवे होते. म्हणून हंगामाआधीच ठरलं की .३०० च्या खाली राहील त्याची सुटका नाही. सगळ्यांची नजर कार्पवर होती.

आता हंगाम संपतानाचे आकडे बघा.

कार्प: ३७ विजय, ८० पराभव, ३ बरोबरी. ३७ ÷ ११७ = .३१६.
शोचिकू रॉबिन्स: ३४ विजय, ८४ पराभव, २ बरोबरी. ३४ ÷ ११८ = .२८८.

११७ निकाली सामन्यांत .३०० गाठायला किमान ३६ विजय लागतात, कारण ३५ ÷ ११७ = .२९९. म्हणजे कार्पचे जिंकलेले दोन सामने पराभवात गेले असते तर संघ रेषेखाली होता. रॉबिन्सना ११८ मध्ये ३६ हवे होते, त्यांचे ३४ झाले. एक संघ दोन विजयांनी वाचला आणि दुसरा दोन विजयांनी बुडाला. रॉबिन्स हा १९५० चा सेंट्रल लीग विजेता संघ होता. दोनच वर्षांनी तो ताइयोमध्ये विलीन झाला. १९५३ पासून लीग सहा संघांची आहे, ती आजतागायत.

---

लाल_टोपी

@दशांश, या दोन विजयांच्या फरकाबद्दल खास आभार. आजवर '.३१६ वर वाचले' एवढंच लिहिलेलं वाचनात येत असे. त्यामागे अंतर इतकं कमी होतं हे आता नीट कळलं.

एक जोड. त्या वर्षांत संघाचा भार हासेगावा र्योहेई या पिचरवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, होता. उंची १६७ सेंटीमीटर, म्हणजे पिचर म्हणून फारच लहान चण. हरणाऱ्या संघाकडून खेळून त्याने कारकिर्दीत १९७ सामने जिंकले, त्यांतले ३० एकट्या १९५५ च्या हंगामात. पिचरच्या नावावर विजय लागायचा तर संघाने धावा करून आघाडी घ्यावी लागते. धावाच न करणाऱ्या संघाकडून ३० विजय म्हणजे काय, ते बेसबॉल पाहणाऱ्याला सांगायला नको.

---

खाडीकाठ

पिंपातल्या पैशाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. थकलेले पगार आणि प्रवासखर्च तर होतेच, पण लोकांच्या वर्गणीने खेळाडूही आणले. रॉबिन्स बुडाल्यावर त्यांचे कोझुरू माकोतो आणि कानेयामा जिरो १९५३ मध्ये कार्पमध्ये आले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोहून झेनिमुरा बंधू, केन्सो आणि केन्शी, आले. त्यांचे वडील मूळचे हिरोशिमाचे. हिरोशिमातून अमेरिकेत आणि हवाईत गेलेल्यांची संख्या मोठी होती. युद्धकाळात हे कुटुंब ॲरिझोनातल्या हिला रिव्हर छावणीत डांबलं गेलं होतं आणि वडिलांनी त्या वाळवंटात सोबत्यांना घेऊन मैदान बांधलं होतं. त्यांची मुलं बॉम्ब पडलेल्या मूळगावी येऊन खेळली.

आता प्रकाशझोतांचा प्रश्न. तो १९५७ मध्ये सुटला. स्थानिक दहा कंपन्यांनी मिळून १६ कोटी येन दिले आणि अणुबॉम्ब-घुमटासमोर, ट्रामच्या रस्त्यापलीकडे, नगरपालिकेचं मैदान उभं राहिलं. जुलै १९५७ मध्ये तिथे रात्रीचे सामने सुरू झाले. लाल_टोपी यांनी वर सांगितलेलं दुष्टचक्र तिथे तुटलं. कामावरून सुटून ट्रामने थेट मैदानात येता येऊ लागलं. माझ्या मते कार्पच्या इतिहासात पिंपाइतकंच महत्त्व त्या दिव्यांच्या खांबांना आहे, आणि त्यांच्याबद्दल फारच कमी लिहिलं जातं.

---

तळटीप

म्हणजे माझदा ही मोटार कंपनी आली ती त्यानंतर? संघ माझदाचाच आहे असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय.

---

दशांश

अर्धवट खरं. माझदाचं जुनं नाव तोयो कोग्यो. तिचे अध्यक्ष मात्सुदा त्सुनेजी संघाचे मालक झाले आणि १९६८ मध्ये नाव 'हिरोशिमा तोयो कार्प' झालं. ते 'तोयो' आजही नावात आहे. पण संघ चालवतं ते मात्सुदा कुटुंब. माझदाकडे सुमारे एक तृतीयांश समभाग आहेत आणि संघाचा तोटा कंपनी भरून देत नाही. १९७५ पासून पुढे चाळीसहून अधिक वर्षं संघ सलग नफ्यात होता. साखळी तुटली ती २०२० मध्ये, महासाथीत प्रेक्षकच नव्हते तेव्हा.

याचा थेट परिणाम खेळाडू निवडण्यावर होतो. १९९३ मध्ये जपानमध्ये फ्री एजन्सी, म्हणजे ठरावीक वर्षं खेळल्यावर खेळाडूला संघ बदलण्याची मुभा, आली. तेव्हापासून कार्पने दुसऱ्या जपानी संघाचा फ्री एजंट घेतलेला नाही. इथले मात्र एतो, कानेमोतो, अराइ, मारू असे एकेक करून मोठ्या पैशांच्या संघांकडे गेले. उपाय एकच उरतो: कोवळा खेळाडू घ्या आणि घडवा. १९९० मध्ये संघाने डोमिनिकन रिपब्लिकमध्ये स्वतःची अकादमी काढली. पुढे अमेरिकेत गाजलेला अल्फोन्सो सोरियानो तिथूनच आला.

---

मधली_फळी

१९७५ बद्दल कुणीच कसं लिहिलं नाही! त्याआधीची तीन वर्षं, ७२, ७३ आणि ७४, संघ सलग शेवटचा. मग जो लुट्झ हा अमेरिकी प्रशिक्षक आला. त्याला गडद निळी टोपी नको होती, लाल हवी होती. गणवेश आधीच शिवायला गेले होते, म्हणून त्या वर्षी फक्त टोपी आणि हेल्मेट लाल झालं. 'आका-हेरु', म्हणजे लाल हेल्मेट, हा शब्द तेव्हाचा. आज अख्खं मैदान लाल दिसतं त्याची सुरुवात या अर्ध्या बदलातून झाली.

लुट्झ एप्रिलअखेरीसच गेला. एका चेंडूच्या निर्णयावरून पंचांशी वाद झाला, व्यवस्थापनाने मध्ये हात घातला आणि प्रशिक्षकाचा अधिकार मोडला म्हणून त्याने पद सोडलं. पण त्याने केलेले बदल पुढे आलेल्या कोबा ताकेशींनी मोडले नाहीत. किनुगासा साचिओला पहिल्या बेसवरून (बेस म्हणजे धावताना गाठायचे थांबे) तिसऱ्या बेसवर हलवलं, पहिल्यावर गेल हॉपकिन्स आणला. ओशिता त्सुयोशीने ४४ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढचा बेस गाठला. यामामोतो कोजी .३१९ च्या सरासरीने लीगचा अव्वल बॅटर ठरला.

१५ ऑक्टोबर १९७५, तोक्योचं कोराकुएन मैदान, समोर जायंट्स. नवव्या इनिंगमध्ये हॉपकिन्सचा तीन धावांचा होमरन आणि निकाल ४–०. सव्विसाव्या हंगामात पहिलं लीग विजेतेपद, तेही जायंट्सच्या घरात. पुढच्या जपान सिरीजमध्ये (दोन्ही लीगच्या विजेत्यांची अंतिम मालिका) हानक्यूकडून एकही विजय न मिळता हरले, पण मिरवणुकीला हेइवा-ओदोरी रस्ता भरून गेला होता. बॉम्बमध्ये गेलेल्या आप्तांचे फोटो हातात धरून लोक रस्त्याच्या कडेला उभे होते.

---

शेवटचा_चेंडू

मग १९७९ ची ती नववी इनिंगही इथे पायरीपायरीने लिहून ठेवतो. '२१ चेंडू' म्हणून ती ओळखली जाते, पण कोणत्या चेंडूला काय झालं हे बहुतेकांना माहीत नसतं.

४ नोव्हेंबर १९७९, ओसाका मैदान, जपान सिरीजचा सातवा सामना. कार्प ४, किन्तेत्सु ३. पाऊस भुरभुरत होता. पिचर एनात्सु युताका, डावखुरा.

पहिल्याच चेंडूवर हादाचा फटका, बॅटर पहिल्या बेसवर. त्याच्या जागी वेगवान धावपटू फुजिसे आला. पुढचा बॅटर आर्नोल्ड खेळत असताना फुजिसे दुसऱ्या बेसकडे पळाला, कॅचर (यष्टिरक्षकासारखा, बॅटरमागे बसणारा) मिझुनुमाची फेक टप्पा पडून निसटली आणि फुजिसे थेट तिसऱ्यावर पोचला. आर्नोल्डला वॉक, म्हणजे चार वाईट चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस. त्याच्याही जागी बदली धावपटू आला आणि त्यानेही दुसरा बेस चोरला. आता पहिला बेस रिकामा, म्हणून हिरानोला मुद्दाम वॉक दिला. बेस भरले, एकही बाद नाही.

मुद्दाम बेस का भरायचे, हा प्रश्न क्रिकेटवाल्यांना पडतो. कारण असं: बेस भरले की प्रत्येक धावपटूला पुढे पळणं भाग पडतं. मग त्याला चेंडूने स्पर्श करावा लागत नाही, चेंडू हातात धरून बेसवर पाय टेकला की तो बाद. होम प्लेटवरही तेच. तोटा असा की आणखी एक वॉक म्हणजे फुकटची धाव आणि बरोबरी.

इथे एनात्सुला दिसलं की आपल्याच संघाने राखीव पिचर तापवायला घेतले आहेत. आपल्यावर विश्वास नाही असं वाटून तो चिडला. पहिल्या बेसवरून किनुगासा चालत आला आणि तू सोडलंस तर मीही सोडेन, अशा अर्थाचं काही बोलून परत गेला. त्यानंतरचा एनात्सु वेगळा होता. सासाकीचा एक फटका तिसऱ्या बेसच्या रेषेबाहेर अगदी थोडक्यात पडला. मग सासाकी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), पहिला बाद.

इशिवाता आला. एकोणिसावा चेंडू. किन्तेत्सुने स्क्वीझ लावला. म्हणजे तिसऱ्यावरचा धावपटू चेंडू सुटतानाच होमकडे पळतो आणि बॅटरने बॅट आडवी धरून चेंडू कसाही खाली टेकवायचा. बॅटला चेंडू लागलाच नाही तर पळणारा मधेच सापडतो, हाच याचा धोका. कॅचर मिझुनुमा उभा राहिला, एनात्सुने कर्व्हची पकड न बदलता चेंडू उंच आणि बाहेर टाकला, इशिवाताची बॅट चुकली. फुजिसे होमच्या अलीकडे बाद. दोन बाद.

एकविसावा चेंडू, आत वळणारा, खाली. इशिवाता स्ट्राइकआउट. कार्पचं पहिलं जपान सिरीज विजेतेपद. पुढच्या वर्षी पुन्हा किन्तेत्सुलाच हरवलं, १९८४ मध्ये हानक्यूला. त्यानंतर आजवर एकदाही नाही.

---

मधली_फळी

@शेवटचा_चेंडू, फार सुंदर. कर्व्हची पकड तशीच ठेवून बाहेर टाकणं का कठीण हेही लिहा ना. अशा वेळी पिचर सहसा सरळ चेंडू फेकतो.

---

शेवटचा_चेंडू

हो. सरळ चेंडू कॅचरला झेलायला सोपा, कारण तो कुठे जाणार हे आधीच ठाऊक असतं. कर्व्ह बोटांतून फिरत सुटतो आणि खाली पडतो. तो ऐनवेळी उंच काढायचा तर सोडण्याचा क्षण बदलावा लागतो. जरा उशीर झाला तर चेंडू बॅटच्या टप्प्यात, जरा लवकर सुटला तर कॅचरच्या डोक्यावरून, आणि मग धावा फुकट. मिझुनुमाने तो धरला याचं श्रेय त्यालाही तितकंच द्यायला हवं. सुरुवातीची निसटलेली फेक त्याचीच होती.

---

खाडीकाठ

प्रेक्षकांबद्दल थोडं, धाग्याच्या शीर्षकात गाव आहे म्हणून.

मैदानात जाणार असाल तर: हिरोशिमा स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. वाट लाल रंगाने सांगितलेली आहे, वाटेतलं लॉसन दुकानही लाल. सध्याचं मैदान २००९ चं, रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या जागेवर, सुमारे ३३,००० आसनांचं. पूर्ण नैसर्गिक गवत. डावीकडची सीमा १०१ मीटर, उजवीकडची १००, मध्य १२२, म्हणजे दोन्ही बाजू मुद्दाम सारख्या ठेवलेल्या नाहीत. शिंकान्सेनमधून मैदान दिसावं म्हणून एक बाजू उघडी ठेवली आहे. कार्पचा डगआउट पहिल्या बेसच्या बाजूला. पाहुण्या संघाचे कपडे घालून त्या बाजूला बसू नका, त्यांच्यासाठी वेगळा विभाग आहे. कार्प-उदोन हा जुन्या मैदानापासूनचा पदार्थ, तो खाऊनच या.

कार्पचे प्रेक्षक उठाबशा काढत दाद देतात, ती अशी: कार्प बॅटिंग करत असतानाच द्यायची. ट्रम्पेटवर त्या खेळाडूचं ठरलेलं गीत सुरू झालं की शेजारचा उभा तेव्हा आपण बसलेले, पुढच्या ओळीला उलट. नवखे दोन चुका करतात. शेजाऱ्याकडे न बघता समोरच्या रांगेकडे बघून उठतात आणि ताल चुकतो. आणि पेला मांडीवर ठेवतात. पेला आसनासमोरच्या खोबणीत ठेवा. समोरचा संघ बॅटिंगला आला की गाणी थांबतात, तेव्हा पाय मोकळे करा.

लाकडी भातवाढणी, म्हणजे शामोजी, मियाजिमा बेटाची. दोन घ्यायच्या, दांडे सैल धरायचे आणि पाती एकमेकींवर आपटायच्या. घट्ट धरल्या तर आवाज बसका येतो आणि मनगट दुखतं. 'भात वाढणं' आणि 'शत्रूला पकडणं' यांचे जपानी उच्चार जुळतात, त्या श्लेषावरून हे आलं.

---

तळटीप

पिंप पुन्हा कधी बाहेर आलं का?

---

लाल_टोपी

आलं. २००४ मध्ये. त्या वर्षी जपानी बेसबॉलमध्ये संघ कमी करण्याची चर्चा पेटली होती आणि १९५७ चं मैदान जुनं झालं होतं. नव्या मैदानासाठी गावात पुन्हा पिंपं ठेवली गेली आणि १२ कोटी येनांहून अधिक जमले. बांधकामाच्या एकूण खर्चात ही रक्कम लहान होती. पण नगरपालिका आणि प्रीफेक्चर यांच्यात रेंगाळलेला विषय त्यामुळे हलला.

६ ऑगस्टबद्दल, म्हणजे हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला त्या तारखेबद्दल, एक माहिती. जुनं मैदान नगरपालिकेचं, त्यामुळे त्या दिवशी बंद असे. १९५८ नंतर थेट २०११ मध्ये हिरोशिमात ६ ऑगस्टला कार्पचा सामना झाला. २०१५ मध्ये त्या दिवशी कार्पच्या प्रत्येक खेळाडूच्या आणि प्रशिक्षकाच्या पाठीवर नावाऐवजी 'पीस' (शांतता) आणि क्रमांक ८६, म्हणजे आठव्या महिन्याची सहा तारीख, होता. पाच इनिंग झाल्या की प्रेक्षक हिरवे कागद धरतात आणि त्यांत एक पट्टा वेगळ्या रंगाचा असतो. तो पट्टा जमिनीपासून २५ मीटरवर येतो, म्हणजे अणुबॉम्ब-घुमटाच्या उंचीवर.

---

दशांश

कुरोदा राहिला. हिरोकी कुरोदा, पिचर. २००६ मध्ये तो जाणार अशी चर्चा असताना हंगामाच्या शेवटी उजव्या स्टँडमध्ये प्रेक्षकांनी त्याच्यासाठी भलामोठा फलक धरला. तो एक वर्ष थांबला, मग लॉस एंजेलिस डॉजर्स आणि न्यू यॉर्क यांकीजकडे गेला. २०१५ च्या हंगामासाठी अमेरिकेतली कितीतरी मोठी रक्कम बाजूला ठेवून परत आला. २००७ मध्ये रडत हानशिनला गेलेला अराइ ताकाहिरोही त्याच वर्षी परतला. १० सप्टेंबर २०१६, तोक्यो डोम, पुन्हा जायंट्स, ६–४. विजयी पिचर कुरोदा. पंचवीस वर्षांनी लीग जिंकली, आणि मैदानात हे दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. अराइ त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ पासून प्रशिक्षक झाला.

कार्पने निवृत्त केलेले क्रमांक तीनच: किनुगासाचा ३, यामामोतोचा ८, कुरोदाचा १५.

---

तळटीप

किनुगासाचा ३ कशासाठी? फक्त १९७५ साठी?

---

दशांश

सलग २,२१५ सामने. जून १९८७ मध्ये लू गेरिगचा २,१३० चा विक्रम मागे टाकला. १९७९ मध्ये चेंडू लागून खांद्याचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी बदली बॅटर म्हणून उतरला आणि तिन्ही चेंडूंवर पूर्ण ताकदीने बॅट फिरवून बाद झाला. साखळी तुटली नाही.